ठाण्याच्या उकाड्यात ॲक्सोलॉटल: प्राणी सगळ्यात शेवटी आणायचा

आमच्या हॉलमध्ये दोन थर्मामीटर आहेत. एक भिंतीवर, दुसरा काचेच्या टाकीत. आज दुपारी भिंतीवरचा ३३ दाखवत होता आणि टाकीतला १७.४. या दोन आकड्यांमधलं अंतर बारा महिने राखायचं, हेच ठाण्यात सॅलमँडर पाळण्यातलं खरं काम. खाणं, साफसफाई हे त्यापुढे सोपं आहे.

टाकीत असतो मोदक, आमचा ॲक्सोलॉटल, म्हणजे पाण्यातच राहणारा सॅलमँडर. पांढरट गुलाबी, वीतभर लांब, मानेच्या दोन्ही बाजूंना लाल पिसांसारखे झुपके. नाव लेकीने ठेवलं. सासूबाई त्याला अजूनही 'पाण्यातली पाल' म्हणतात. पाल नाही तो. पाल सरपटणाऱ्या प्राण्यांत मोडते, हा उभयचर, म्हणजे बेडकाच्या घराण्यातला. आपल्या सह्याद्रीत बेडूक उदंड, देवगांडुळंही, म्हणजे बिनपायांचे गांडुळासारखे उभयचर, सापडतात, पण सॅलमँडर, म्हणजे शेपटीवाले उभयचर, एकही नाही. भारतात ते मिळतात पूर्व हिमालयात आणि ईशान्येच्या डोंगरांत, दार्जिलिंग-सिक्कीमच्या बाजूला. त्यांना कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे ते घरी आणण्याचा विचारही करू नका. ठाणे, नवी मुंबई, कुर्ला इथल्या दुकानांत 'सॅलमँडर' म्हणून जे दिसतं ते बहुतेक वेळा ॲक्सोलॉटल असतं. हा लेख त्याच्याबद्दलच आहे.

त्याचं मूळ गाव मेक्सिको सिटीतलं सोचिमिल्को. तिथल्या कालव्यांत तो आज अगदी थोडा उरलाय, अति-संकटग्रस्त म्हणून नोंदलेला. पाळीव आहेत ते सगळे पिढ्यान् पिढ्या टाकीत वाढलेल्यांचे वंशज. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून २,२४० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून सहाशे मीटर वरच्या गार पाण्यातला प्राणी आपण खाडीकाठच्या शहरात आणतोय. एवढं लक्षात ठेवलं की पुढच्या पायऱ्या या क्रमाने का आहेत ते आपोआप कळतं.

आधी घरात बोलून घ्या

ॲक्सोलॉटल नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षं जगतो. मुलगी तिसरीत असताना हट्टाने आणलेला प्राणी ती कॉलेज संपवून नोकरी शोधत असेल तेव्हाही टाकीत असणार आहे. हट्ट मुलीचा, पण पंधरा वर्षांचं काम मोठ्यांच्या गळ्यात, हे धरूनच चाला.

त्याला हातात घेता येत नाही. त्वचा पातळ, त्यावर संरक्षक बुळबुळीत थर असतो, आपल्या कोरड्या गरम हातांनी तो निघतो. कुत्र्यामांजरासारखी माया तो लावणार नाही. काचेशी येऊन बघत बसतो, ते जेवणाच्या आशेने. ज्यांना खेळायला प्राणी हवाय त्यांनी इथेच थांबावं, यात कमीपणा काही नाही.

आणि फ्रीझर. त्याच्या खाण्यासाठी गोठवलेल्या अळ्यांचं पाकीट फ्रीझरमध्ये ठेवावं लागतं. आमच्याकडे हा विषय नेमका श्रावणात निघाला. मटारच्या पिशवीशेजारी अळ्या बघून सासूबाईंनी फ्रीज उघडायचंच सोडलं. शेवटी झाकणाचा वेगळा डबा आणला, त्यावर लाल पट्टी लावली आणि डबा खालच्या कोपऱ्यात गेला. हे सगळं प्राणी आणण्याआधी ठरलं असतं तर आठवडाभराचा अबोला टळला असता.

कागदपत्रं

'मासाच तर आहे, त्याला कसला कागद' असं दुकानदार म्हणतील. ऐकू नका. ॲक्सोलॉटल 'साइट्स' या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. २०२२ साली वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि तिने साइट्समधल्या प्रजातींसाठी चौथी अनुसूची आणली. अशा जिवंत प्राण्यांची नोंदणी कशी करायची याचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाले. नोंदणी केंद्र सरकारच्या 'परिवेश २.०' पोर्टलवर ऑनलाइन होते, अर्ज राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो. प्राणी ताब्यात आल्यापासून तीस दिवसांत अर्ज करायचा.

त्यामुळे विकणाऱ्याला पहिला प्रश्न 'केवढ्याला?' हा नको. 'तुमच्याकडची नोंदणी दाखवा आणि माझ्या नावाचं बिल द्या' असं म्हणा. पाळीव प्राण्यांच्या दुकानांनाही २०१८ च्या नियमांनुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, तेही विचारायला हरकत नाही. उत्तर देताना जो चिडतो त्याच्याकडून घेऊ नका. पिल्लं झाली, प्राणी दुसऱ्याला दिला किंवा तो मेला, तरी कळवावं लागतं. शंका असेल तर वन विभागाच्या कार्यालयात जाऊन विचारा. वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइनही आहे.

टाकी आणि तिची जागा

एका प्राण्याला तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी घ्या. पाणी फूटभरच भरा, म्हणजे साधारण सव्वाशे लिटर होईल. हा तळाशी चालणारा प्राणी आहे, त्याला उंचीपेक्षा लांबी-रुंदी महत्त्वाची. काच, वाळू, पाणी धरून दीड-पावणेदोनशे किलो वजन होतं. टीव्हीच्या पोकळ युनिटवर ते ठेवू नका, लोखंडी स्टँड घ्या. ऊन येत नाही अशी भिंत निवडा. आमच्याकडे पश्चिमेची खिडकी आहे, संध्याकाळी चारनंतर ऊन थेट सोफ्यावर येतं, म्हणून टाकी पार पलीकडच्या कोपऱ्यात आहे.

तळाशी रंगीत खडे नकोत. ॲक्सोलॉटल तोंड उघडून पाण्यासकट समोरचं सगळं आत ओढतो, त्यात खडा गेला तर आतडं तुंबतं. तळ मोकळा ठेवा किंवा प्राणी पंधरा सेंटिमीटरचा झाल्यावर बारीक धुतलेली वाळू घाला. लपायला पीव्हीसी पाइपचा चार इंची तुकडा पुरतो, कडा मात्र पॉलिश पेपरने घासून घ्या. मोदकने विकतचा किल्ला सोडून प्लंबरने टाकून दिलेला पाइप पसंत केला. जावा फर्न, अनुबियास, जावा मॉस या झाडांना उजेड कमी चालतो, आणि त्यालाही कमीच हवा असतो. त्याला पापण्या नाहीत, मोठी एलईडी लावून त्याचा छळ करू नका.

फिल्टर स्पंजचा घ्या, एअर पंपवर चालणारा. जोरदार प्रवाहात त्याच्या कल्ल्यांचे झुपके सतत पुढे वळलेले राहतात आणि तो खायचं सोडतो. वर जाळीचं झाकण हवंच. उडी मारतो तो, आणि फरशीवर पडलेला सकाळी सापडला तर उपयोग नसतो.

सोबतीला मासे नकोत. छोटे मासे त्याचे झुपके कुरतडतात, आणि तो रात्री त्यांना गिळतो. दुसरा ॲक्सोलॉटलही पहिल्या वर्षी नको. लहानपणी ते एकमेकांचे पाय तोडून खातात. पाय पुन्हा उगवतात हे खरं, त्याच गुणामुळे जगभरच्या प्रयोगशाळांत त्यांच्यावर संशोधन चालतं, पण म्हणून रोज पाय तोडू द्यायचे का? नर-मादी एकत्र आले तर एका वेळी शेकडो अंडी.

गारवा

इथे जरा सावकाश वाचा.

पाणी १६ ते १८ अंश असावं. वीसपर्यंत ठीक. बावीसच्या पुढे त्याची तब्येत बिघडायला लागते, चोवीसच्या पुढे धोका. ठाण्यात नळाचं पाणी जानेवारीतल्या पहाटेही या आकड्यापर्यंत क्वचितच उतरतं, आणि एप्रिलमध्ये गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी अंघोळीला गरम न करता चालतं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, प्राण्याची भूक मंदावते, बुरशी आणि जिवाणू मात्र जोमात वाढतात.

मी केलेली चूक सांगते. मोदक डिसेंबरात आला. 'एक छोटा पंखा लावा, उन्हाळ्यात बर्फ टाका, आरामात चालतं' असं विकणाऱ्याने सांगितलं आणि मी ते मानलं. फेब्रुवारीपर्यंत पंख्यावर निभावलं, तेही काठावर. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात टाकी २७ वर गेली. मोदकचे झुपके पुढे वळले, शेपटीचं टोक हुकासारखं वाकलं, आणि तिसऱ्या दिवशी डाव्या झुपक्यावर कापसाच्या बोंडासारखा पांढरा पुंजका दिसला. त्या दिवसापासून तीन आठवडे तो प्लॅस्टिकच्या टबात होता, आणि मी दर तीन तासांनी गोठलेल्या बाटल्या बदलत होते, रात्री दोनचा अलार्म लावून. मग चिलर घेतला. वरातीमागून घोडं.

पंखा आपल्याकडे का पुरत नाही? पंख्याने पाण्याची वाफ होते आणि वाफेबरोबर उष्णता जाते. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात त्याने तीन-चार अंशांचा फरक पडेल. ठाण्याची हवा आधीच ओली, तिच्यात वाफ मावते किती? माझ्याकडे मे महिन्यात फरक दोन अंशांच्या वर कधी गेला नाही.

आणि बर्फाची बाटली? हिशेब करून बघा. एक लिटरची गोठलेली बाटली पूर्ण वितळून टाकीच्या पाण्याइतकी होईपर्यंत सव्वाशे लिटर पाण्याचं तापमान जेमतेम पाऊण अंश उतरवते. तेवढं पाणी खोलीच्या उकाड्याने पुन्हा गरम होतच असतं. याउलट तीस लिटरच्या टबात तीच बाटली तीन अंशांचा झटका देते, आणि असा चढ-उतार प्राण्याला सततच्या उकाड्याइतकाच त्रास देतो. बर्फ अडीअडचणीला. रोजच्याला नाही.

उरतात दोन रस्ते. ज्या खोलीत एसी दिवसरात्र चालतो तिथे टाकी ठेवणं, जे बहुतेक घरांना परवडत नाही. किंवा चिलर, म्हणजे टाकीचं पाणी पंपाने आत घेऊन गार करून परत सोडणारं छोटं यंत्र. घेताना दुकानदाराला 'किती लिटरला चालेल' एवढंच विचारू नका. 'खोली ३३ अंश असताना सव्वाशे लिटर १७ वर ठेवेल का' असं विचारा. खोक्यावरचे लिटरचे आकडे बरेचदा थोड्याच अंशांच्या फरकासाठी असतात. शंका असेल तर एक माप मोठा घ्या, तो कमी वेळ चालेल.

वीजबिलाचा अंदाज: दोनशे वॅटचा चिलर दिवसाला बारा तास चालला तर २.४ युनिट, महिन्याला बहात्तर. तुमचा वापर शंभर युनिटच्या आत असेल तर तुम्ही बहुधा पुढच्या स्लॅबमध्ये जाल. चिलर प्राण्यापेक्षा कितीतरी महाग पडतो, म्हणून लोक आधी प्राणी आणतात आणि चिलर 'नंतर बघू' म्हणतात. उलट करा.

बसवताना तीन गोष्टी. चिलर मागून गरम हवा फेकतो, त्याला कपाटात कोंडू नका, भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. परत येणाऱ्या पाण्याची धार काचेवर वळवा किंवा भोकं पाडलेल्या नळीतून सोडा, म्हणजे प्रवाहाचा जोर मरेल. तिसरी गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती: काचेला घाम येतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत १७ अंशांच्या टाकीवर बाहेरून इतकं पाणी साचतं की ग्लासात थंड सरबत ओतल्यासारखी ती सतत ठिबकते. आमचा प्लायवूडचा स्टँड पहिल्याच पावसाळ्यात फुगला, तेव्हापासून लोखंडी आहे. आता मागे, दोन्ही बाजूंना आणि टाकीखाली इंचभर जाडीचा थर्माकोल आहे, चिलरच्या नळ्यांना एसीच्या तांब्याच्या पाइपवर चढवतात तो काळा फोम आहे, आणि समोरची काच रोज दोनदा पुसते. थर्माकोलने चिलरचं चालणंही डोळ्यांना दिसेल इतकं कमी झालं.

वीज गेली तर? थर्माकोल लावलेली टाकी हळूहळू तापते, तास-दोन तासांनी काही बिघडत नाही. दुरुस्तीसाठी दिवसभर बंद असेल तेव्हा दोन-तीन गोठलेल्या बाटल्या आलटून पालटून तरंगत ठेवा. दीडशे अँपिअर-अवरच्या इन्व्हर्टर बॅटरीवर असा चिलर एकटा पाच-सहा तास ओढेल, पण कॉम्प्रेसर सुरू होताना मोठा झटका घेतो, तेव्हा इलेक्ट्रिशियनला विचारल्याशिवाय जोडू नका. निदान एअर पंप बॅटरीचा ठेवा.

पाणी तयार करणं

टाकी भरली, चिलर बसला, तरी प्राणी अजून आणायचा नाही. प्राण्याच्या विष्ठेतून अमोनिया होतो, तो विषारी. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट करतात, ते बऱ्यापैकी निरुपद्रवी. हे जिवाणू स्पंजात वस्तीला यायला चार ते आठ आठवडे लागतात. याला 'टाकी सायकल करणं' म्हणतात. रोज चिमूटभर माशांचं खाणं रिकाम्या टाकीत टाका, ते कुजून अमोनिया होईल, आणि थेंबांचं टेस्ट किट घेऊन दर दोन दिवसांनी मोजा. आधी अमोनिया चढेल, मग नायट्राइट चढेल, मग दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट वाढेल. खाणं टाकत असूनही आठवडाभर अमोनिया आणि नायट्राइट शून्य राहिलं की टाकी तयार.

इथे ठाण्याचा उकाडा कामाला येतो. हे जिवाणू २८ अंशांत झपाट्याने वाढतात. म्हणून सायकल पूर्ण होईपर्यंत चिलर बंदच ठेवा. झाल्यावर अर्ध्याहून जास्त पाणी बदलून नायट्रेट वीस पीपीएमच्या (लिटरमागे वीस मिलिग्रॅमच्या) खाली आणा, मग चिलर सुरू करून दोन-तीन दिवसांत १७ वर उतरवा, आणि आणखी आठवडाभर मोजत राहा, कारण थंडीत जिवाणूही आळसावतात.

नळाच्या पाण्यात क्लोरिन असतं. दुकानात 'अँटिक्लोरिन' किंवा 'हायपो' म्हणून मिळतं ते मापात घाला. ठाण्यात भातसा नदीचं, नवी मुंबईत मोरबे धरणाचं पाणी येतं. ते तसं मृदू, म्हणजे कमी क्षारांचं असतं आणि ॲक्सोलॉटलला थोडं जड पाणी मानवतं. म्हणून पाण्याचा जडपणा मोजा, सात-आठ अंशांच्या (हे अंश जडपणाचे, तापमानाचे नव्हेत) खाली असेल तर फिल्टरजवळ जाळीच्या पिशवीत ठेचलेले शिंपले ठेवा. ज्या सोसायट्यांत टँकर किंवा बोअरवेल आहे तिथे गणित उलटं होतं, तिथे मोजल्याशिवाय काही घालू नका. आणि सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लक्ष ठेवा. गच्चीवरची टाकी धुतली की त्या दिवशी ब्लीचिंग पावडरचा वास नळाला येतो. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पाणी बदलू नका.

आता प्राणी

हिवाळ्यात आणा, संध्याकाळनंतर आणा. थर्माकोलचा खोका आणि कापडात गुंडाळलेला आइसपॅक सोबत न्या. कुरिअरने मागवू नका, स्वतः जाऊन बघा. आठ सेंटिमीटरहून लहान पिल्लू घेऊ नका, त्याला रोज दोनदा बारीक जिवंत खाणं लागतं आणि ते नवख्याच्या हातात दगावतं. चार पाय, भरदार झुपके, जखमा नाहीत, पोट डोक्याइतकंच रुंद, आणि मुख्य म्हणजे त्याला तुमच्यासमोर खायला घालायला सांगा.

घरी पिशवी तासभर टाकीत तरंगत ठेवा, थोडंथोडं टाकीचं पाणी आत घाला, मग प्राणी अलगद सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. नाजूक झुपके जाळीत अडकतात, म्हणून उचलायला डबा वापरा. तीन-चार दिवस तो कोपऱ्यात बसेल आणि खाणार नाही. काचेवर टकटक करणारे पाहुणे तेवढे आवरा.

खाणं

सगळ्यात चांगलं खाणं गांडूळ. ते खतप्रकल्पात सहज मिळतं, पण एक मेख आहे. आपल्याकडे गांडूळखताला दोन जाती जास्त वापरतात. एक लालसर, अंगावर पिवळट पट्टे असलेली, दाबली की वासाचा पिवळा द्रव सोडणारी. ती कडू असते. मोदकने ती तोंडात घेतली, दोन सेकंद थांबला आणि लहान मूल काढ्याचा घोट बाहेर टाकतं तशी थुंकली. दुसरी आफ्रिकन जात, लांब, जाड, जांभळट. ती हवी. तिला आपल्या हवेत छान करमतं, घरात उकाड्यावर खूश असलेला तेवढा एकच जीव. बाल्कनीत झाकणाच्या क्रेटमध्ये भिजवलेला कोकोपीट आणि भाज्यांची देठं घालून मी ती वाढवते, लिंबू आणि कांद्याची सालं वगळून. बागेतली गांडुळं कीटकनाशकामुळे नकोत.

गांडूळ स्वच्छ पाण्यात धुवून, मोठं असेल तर कापून, बोथट चिमट्याने त्याच्या नाकासमोर धरा. नजर अधू असते, वास तेज. आधी काहीच होत नाही. मग मान इंचभर वळते, झुपके अंगाला चिकटतात, आणि टप्प असा आवाज होतो. गांडूळ गेलेलं असतं, तुम्हाला तोंड उघडलेलं दिसलेलंही नसतं. मोठ्याला आठवड्यात दोन-तीनदा, पिल्लाला रोज. बुडणाऱ्या गोळ्या आणि गोठवलेल्या लाल अळ्या अधूनमधून. दुकानात मिळणारे जिवंत ट्युबिफेक्स, म्हणजे बारीक लाल किडे, नकोत, ते घाण पाण्यातच वाढतात. चिकन, मटण, खिमा अजिबात नको, पचत नाही.

न खाल्लेलं आणि विष्ठा त्याच दिवशी उचला. मी मेडिकलमधून मोठी सिरिंज आणून तिला टाकीची बारीक नळी लावलीय, दुकानातल्या पंपापेक्षा ती बरी. हात साबणाने धुवा, आधीही आणि नंतरही.

दर आठवड्याला

वीस-तीस टक्के पाणी बदलायचं. पण नळाचं पाणी ३० अंश असताना पंचवीस लिटर एकदम ओतलं तर टाकी १७ वरून साडेएकोणिसाच्या पुढे जाते. दहा लिटर ओतलं तर अंशभरच. म्हणून मी दोन-तीनदा दहा-दहा लिटर बदलते, किंवा आदल्या रात्री बादलीत अँटिक्लोरिन घालून दोन गोठलेल्या बाटल्या सोडते. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, नळाखाली धुतला तर जिवाणू मेले आणि सायकल पुन्हा पहिल्यापासून.

पावसाळ्यात धूरफवारणीची गाडी येते. तिचा आवाज आला की खिडक्या लावा, एअर पंप बंद करा, टाकीवर ओला टॉवेल टाका, आणि अर्ध्या तासाने पंप सुरू करा. पंप खोलीतलीच हवा टाकीत ढकलतो आणि उभयचराची त्वचा स्पंजासारखी सगळं शोषते. त्याच कारणाने डासांचं मशीन, झुरळांचा स्प्रे, रूम फ्रेशनर, उदबत्ती हे त्या खोलीत नको. आमचं देवघर त्यासाठी आतल्या खोलीत गेलं. त्यावर सासूबाईंचं म्हणणं मी इथे लिहीत नाही.

बिघडलं तर

झुपके पुढे वळणं, शेपटीचं टोक वाकणं, सतत तरंगणं, दोन जेवणं नाकारणं, कापसासारखी बुरशी. यातलं काहीही दिसलं की आधी तापमान आणि अमोनिया मोजा, दहातल्या आठ वेळा कारण तिथेच सापडतं. प्राणी टबात दहा लिटर गार, क्लोरिन काढलेल्या पाण्यात घ्या, ते पाणी रोज पूर्ण बदला. माशांची औषधं आपल्या मनाने घालू नका. तांबं किंवा मॅलाकाइट ग्रीन असलेली औषधं माशाला चालतात, याला मारतात. उभयचर बघणारे डॉक्टर मोजकेच आहेत, त्यांचा शोध प्राणी आणायच्या आधी घ्या आणि फोनवर 'ॲक्सोलॉटल बघता का' असं थेट विचारा.

नकोसा झाला तर मासुंदा तलाव, उपवन किंवा नवी मुंबईच्या धारण तलावात सोडायचा नाही. उकाड्याने तो मरेलच, पण त्याच्या अंगावरची बुरशी इथल्या बेडकांना लागू शकते. नोंदणी असलेल्या दुसऱ्या पाळणाऱ्याकडे रीतसर द्या.

गावाला जाताना

दरवर्षी लोक मला हाच प्रश्न विचारतात. गणपतीला कोकणात सात दिवस जायचं, मग याचं काय? मोठा, धष्टपुष्ट ॲक्सोलॉटल आठवडाभर उपाशी राहिला तर काही होत नाही. शेजाऱ्यांनी प्रेमाने खायला घातलं तर होतं. निघायच्या आदल्या दिवशी पाणी बदलायचं, फ्रीझरमध्ये सहा बाटल्या भरायच्या, आणि समोरच्या काकूंना चावी द्यायची. फ्रीजच्या दारावर चिठ्ठी असते:

'काकू, काही घालू नका. रोज संध्याकाळी फक्त काळ्या थर्मामीटरचा आकडा बघा आणि मला कळवा. २० च्या वर गेला तर एक बाटली तरंगत ठेवा आणि फोन करा. काच ओली दिसली तर घाबरू नका, गळत नाहीये, घाम आहे. लाल पट्टीचा डबा उघडू नका.'

पहिल्या वर्षी तिसऱ्या दिवशी काकूंचा मेसेज आला: '१७.६. डबा उघडला. पुन्हा नाही उघडणार.'